नवरदेवाने वाचवलेलं डिझेल

माझं लग्न डिझेल वाचवण्याच्या नादात मोडता मोडता राहिलं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., विषय पदार्थविज्ञान. घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणाचा स्टोव्ह पेटला नाही तरी मला बोलावत. (तो माझ्याकडूनही पेटायचा नाहीच, पण का पेटत नाही हे मी सविस्तर सांगत असे.) इगतपुरीच्या शाळेतल्या गुरुजींनी मला मुलगी दिली तीही पदवीकडे पाहूनच. चेहऱ्याकडे पाहून कुणी दिली नसती!

माझ्या ताईचे यजमान, रघुनाथभावजी, खाणीतला दगड वाहणारा ट्रक चालवत. मालकाने तोच वऱ्हाडासाठी दिला. मागे सतरंजीवर वऱ्हाड. पुढे भावजी, आई आणि खिडकीशी मी. मुहूर्त सकाळचा. चुकला तर पुढे अख्खा पौष!

मार्गशीर्षातली थंडी. पहाटे कसाऱ्याला चहासाठी थांबलो, तर भावजींनी इंजिन चालूच ठेवलं.

"भावजी, उभ्या गाडीत डिझेल का जाळता?"

"अरे, थंडी बघ ना! गारठली तर उठायची नाही."

"पण शास्त्रीयदृष्ट्या..."

"रघुनाथराव," आई मध्येच म्हणाली, "आजच्या दिवस नवरदेवाचं मोडू नका हो. रुसला म्हणजे?"

भावजींनी इंजिन बंद केलं. चहा संपला. इंजिन बंदच राहिलं! शेवटी भावजींनी इंजिनाखाली गवताचा जाळ केला. वऱ्हाडाने हात शेकून घेतले. आत्या म्हणाली, "होम इथेच उरकताय का रे?"

घाट लागला. भावजींनी खालचा गिअर टाकला, इंजिन घरघरू लागलं आणि मला डिझेल वाहून जाताना दिसू लागलं.

"भावजी, वरचा गिअर! इंजिनाचे फेरे कमी, तेवढं डिझेल कमी!"

"एवढं वजन घेऊन? वाट लागेल, यार!"

"आई!" मी म्हणालो.

आईने भावजींकडे नुसतं पाहिलं. वरचा गिअर पडला. ट्रक थरथरला, खोकला, काळाकुट्ट धूर ओकू लागला. त्या धुराचं शास्त्रीय कारण पाहायला मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि वाऱ्याने तो सगळा धूर माझ्या तोंडावर आणून ओतला! तेवढ्यात इंजिन बंद पडलं. ट्रक मागे सरकू लागला!

भावजी ब्रेकवर उभेच राहिले. "दगड लावा चाकाला! उतरा सगळे! वजन कमी करा!"

वऱ्हाड उतरलं. मीही उतरू लागलो, तर आत्या कडाडली, "हळद लागलेला नवरदेव पायी चालतो होय? बस वर!"

इंजिन तापलेलं होतं म्हणून लगेच उठलं, आणि ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत निघाला. ट्रकमध्ये भावजी आणि मी, बाकीचे पायी. गुडघेदुखीवाली आत्या दोनदा आमच्या पुढे निघून गेली!

वेशीवर गुरुजी पूजेचं तबक घेऊन ताटकळत होते. आधी धुळीने माखलेलं वऱ्हाड आलं, मागून ट्रक. गुरुजींनी खिडकीतल्या मला हाक मारली, "अरे ए क्लीनर! नवरदेव कुठे बसलाय? आवर, मुहूर्त टळतोय!"

"हाच हो तो, गुरुजी!" मी खाली उतरताच आई पदराने माझा गाल घासत म्हणाली. "खालून गोरा आहे!"

"राहू द्या, राहू द्या! आता तोंड धुवायला वेळ नाही."

मुहूर्त गाठला. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी दचकलेली मी स्वतः पाहिली. तरी हार घातलान बिचारीने.

दुसऱ्या दिवशी परतताना ती पुढे, आई आणि माझ्या मध्ये बसली. घाटाच्या तोंडाशी भावजींनी ट्रक थांबवला आणि मिशीत हसत विचारलं, "बोला बी.एस्सी.! उताराला कुठला गिअर? की इंजिनच बंद करू? डिझेल वाचेल."

मला ती कल्पना शास्त्रीयदृष्ट्या बरी वाटली. मी तोंड उघडणार, तोच माझ्या बायकोने सासरच्या माणसांसमोर पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दादा, तुम्ही यांना विचारूच नका."

मी गप्प बसलो. अजून बसलेलोच आहे.