निम्म्या नवसाची वहाण

संपत कोकरेचा निकाल काय लागला, हे वडगाव रासाईत त्याला कुणी कधी विचारलं नाही. गरजच पडत नसे. लोक त्याच्या वडिलांच्या पायांकडे बघत. म्हस्कूआबा अनवाणी दिसले, की पोरानं पुन्हा गटांगळी खाल्ली हे सगळ्यांना कळायचं. स्टँडवरचा हॉटेलवाला बाळासो चहा गाळता गाळता एकदा खाली नजर टाकून घ्यायचा आणि आबांच्या कपात साखर जरा जास्त टाकायचा. सांत्वन करायची त्याची ती रीत होती.

याचं मूळ सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात होतं. संपत तेव्हा दौंडच्या कॉलेजातून बी.कॉम. झाला होता. कोकऱ्यांच्या कैक पिढ्यांनी मेंढरं हाकली होती. आबांनीच पहिल्यांदा कळप मोडून भीमेच्या काठाला ऊस आणि कांदा धरला होता. त्या घरात पोरगा बी.कॉम. झाला म्हटल्यावर त्याचे पाय जमिनीला लागेनात. त्यात रांजणगावला नवे कारखाने उभे राहत होते, आणि कारखाना म्हटला की मालाला खर्च किती आला हे काढून देणारा माणूस लागणारच, असं कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं होतं. संपतनं आयसीडब्ल्यूए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा, करायचं ठरवलं. हे नाव गावात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावानं त्याला परस्पर सीए करून टाकलं. संपतनंही कधी दुरुस्ती केली नाही. परीक्षेआधीच पदवी मिळत असताना नाही म्हणण्याइतका तो शिकलेला नव्हता.

नाव नोंदवलं त्या रविवारी आबा त्याला वस्तीवरच्या बिरोबाला घेऊन गेले. नारळ फोडायच्या आधी त्यांनी विचारलं, ह्याला दिवस किती लागतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं माहितीपुस्तक संपतनं मुखपृष्ठापलीकडे उघडलं नव्हतं. तरी हात झटकून तो म्हणाला, लागतील वरीस-दोन वरीस. आबांनी मनाशी दहावीचा हिशेब धरला. परीक्षा उन्हाळ्यात, निकाल जूनमध्ये, फार तर एखादी ऑक्टोबरची वारी. त्यांनी देवावर भंडारा उधळला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून टाकलं, की पोरगा सीए होईस्तोवर पायात वहाण घालणार नाही.

त्या वहाणा साध्यासुध्या नव्हत्या. शिरूरच्या बाजारातून पायाचं माप देऊन करून घेतलेल्या, जाड तळाच्या, नाल ठोकलेल्या. चालताना कुर्रकुर्र वाजायच्या. आबा गल्लीत शिरले की आधी वहाणा वर्दी द्यायच्या आणि मग आबा दिसायचे. आईनं, म्हणजे अनसाबाईनं, त्या फडक्यात बांधून आढ्याला टांगल्या आणि दसऱ्याला काढू म्हणाली. कुठल्या सालच्या, हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि बिरोबालाही.

संपत अभ्यास करत नव्हता असं कुणी म्हणू नये. तो सायकलनं केडगावला जायचा, तिथून शटलनं पुण्याला क्लासला, आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. केडगावच्या फलाटावरच्या बाकावर तो जाडजूड पुस्तक मांडीवर उघडून बसायचा. कुणी ओळखीचं दिसलं की पान उलटायचा. पुण्याची मुलं पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवून बघायची आणि हा पेपर सुटल्यावर गाडीची वेळ बघायचा. जून यायचा, डिसेंबर यायचा. निकालाच्या दिवशी तो घरी उशिरा पोचायचा, आणि आबा दारातच म्हणायचे, “जेवून घे.” बाकी काही नाही.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चैत्रात केडगावच्या डांबरी रस्त्यानं ते अनवाणी चालत. बांधावर बाभळीचे काटे टपूनच असत. संध्याकाळी ते अंगणात बसून, पाय मांडीवर घेऊन, सुईनं काटा काढत. आई कंदील धरायची आणि देवाला, संस्थेला आणि नवऱ्याला आळीपाळीनं बोल लावायची. आबा हूं की चूं करत नसत. समोर ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेल्या संपतला वाटायचं, निदान एकदा तरी त्यांनी कण्हावं. मग तोच पान उलटायचा, केडगावच्या फलाटावर उलटायचा तसं.

अखेर रडतखडत इंटरचा एक भाग निघाला. दुसरा निघेना. त्यापुढे फायनल नावाचा आख्खा डोंगर उभा होता, पण त्याबद्दल संपतनं घरात अवाक्षर काढलं नव्हतं. आबांना वाटत होतं, आता तेवढा एक भाग उरलाय. आईनं आढ्यावरचं फडकं खाली काढून झटकून पुन्हा टांगलं.

दोन हजार दोन साल उजाडलं तोवर रांजणगावची हवा बदलली होती. भरती बंद, असतील ती माणसं कंत्राटावर, आणि काही गेटांना कुलपं. एका कंपनीच्या स्टोअरमध्ये क्लार्कची जागा निघाली म्हणून संपत मुलाखतीला गेला. बाहेरच्या बाकावर शेजारी पुण्याचा एक चष्मेवाला बसला होता. पायात बूट, हातात फाइल. बोलता बोलता कळलं, हा आयसीडब्ल्यूए पूर्ण आहे, फायनलसकट. संपतनं आयुष्यात पहिल्यांदा तो प्राणी इतक्या जवळून पाहिला. आदरानं सरकून त्याला बाकावर जास्त जागा दिली आणि विचारलं, साहेब, तुम्ही कुठल्या जागेसाठी आलात.

“ह्याच,” तो म्हणाला. “गेल्या वर्षापासून फिरतोय. जिथं जातो तिथं म्हणतात, तुम्ही जास्त शिकलेले, टिकणार नाही. मला विचाराल तर इंटरलाच थांबायला हवं होतं.”

आत मॅनेजरनं संपतला एकच प्रश्न दोनदा विचारला. परीक्षेसाठी सुट्टी मागणार का? संपत नाही म्हणाला. नोकरी संपतला मिळाली, चष्मेवाल्याला नाही. अर्धवट असल्याचा आयुष्यात एवढा एकच फायदा झाला, आणि तो कुणाला अभिमानानं सांगायची सोय नव्हती.

परतीच्या जीपमध्ये त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या माणसासारखं पोरानं व्हावं म्हणून आबा एवढी वर्षं अनवाणी चालले, तो माणूस स्टोअर क्लार्कच्या बाकावर त्याच्याच शेजारी बसला होता. आता हे पुरे. पुस्तकं रद्दीत घालायची आणि मोकळं व्हायचं. हे ठरल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की उतरायचं गाव मागं पडल्याचं पुढच्या फाट्यावर कळलं. तेवढं अंतर उलटं चालताना मात्र हलकं वाटणं संपलं. घरी सांगायचं कसं?

आधी त्यानं आईला गाठलं. नोकरीचं ऐकून तिनं त्याच्यावरून हात ओवाळून बोटं मोडली आणि पुढचं ऐकून हात तसाच राहिला. “तुझं तू सांग,” ती म्हणाली. “काटं काढताना कंदील मी धरते, त्ये बास झालं.”

संध्याकाळी आबा अंगणात पाय मांडीवर घेऊन बसले होते. संपतनं आईच्या हातातला कंदील घेतला. तोंड दिसू नये म्हणून तो जरा खालीच धरला आणि आधी नोकरीचं सांगितलं. मग मंदी, कंत्राट, बाकावरचा चष्मेवाला, सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य काही निघेना. आबांनी सुई बाजूला ठेवली.

“म्हंजी सोडलं, का थांबवलं?”

संपतच्या ओठावर ‘सोडलं’च होतं. दुपारपासून तेच घोळत होतं.

“नीट सांग लेका,” आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पेच पडलेल्या माणसाचा आवाज होता तो. “देवापुढं बोललोय. तू सोडलं आसशील, तर तू कवाच सीए व्हणार न्हाईस. म्हंजी म्या मरस्तवर आसंच चालायचं. थांबवलं आसशील, तर कायतरी वाट निघंल.”

कंदिलाच्या उजेडात तो तळपाय होता. टाचेला भेगा, अंगठ्याखाली जुन्या काट्याचा काळा डाग. हा पाय कधी नाल ठोकलेल्या वहाणेत मावत होता यावर विश्वास बसू नये इतका तो पसरला होता. संपतला स्वतःची इतकी शरम कधीच वाटली नव्हती, अगदी निकालाच्या दिवशीही नाही.

“थांबवलंय, आबा,” तो म्हणाला.

“झालंय किती?”

“निम्मं.”

हेही खोटंच होतं. फायनल धरून खरा वाटा काढला असता, तर आबांच्या नशिबी वहाणेचा नुसता अंगठा आला असता. पण हिशेब काढणारा माणूस तो व्हायचा राहिला होता, त्यामुळे चूक खपून गेली.

रविवारी आबा पुन्हा बिरोबापुढे उभे राहिले. त्यांनी देवाला सगळं रीतसर समजावून सांगितलं, की रांजणगावला मंदी हाय, पोराचा त्यात दोष न्हाई, निम्मं झालंय, तर निम्मा नवस फिटला आसं धरावं. देव काही बोलला नाही, तेव्हा आबांनी होकार धरला. सोबत आणलेलं फडकं सोडलं आणि उजव्या पायात वहाण चढवली. पाय शिरेना. आईनं टाचेला तेल लावून तो शिरवला, आणि मग म्हणाली, “दोन्ही तरी घाला, न्हाईतर एक बी नगं. शेरडं हसत्याल.”

“हसू दे,” आबा म्हणाले. डावी वहाण त्यांनी संपतच्या हातात दिली. “ही तुझ्यापाशी ठेव. ऱ्हायलेलं निम्मं झालं, की तवा मागंन मी.”

ते घराकडे निघाले. एका पावलाला कुर्र वाजायचं, दुसऱ्याला काहीच नाही. वस्तीवरची माणसं दाराशी आली. संपत मागून, हातात एकटी वहाण घेऊन, हसू दाबत चालला होता, आणि मधेच त्याला डोळे पुसावे लागले. स्टँडवर बाळासोनं नेहमीप्रमाणे खाली बघितलं, बराच वेळ बघत राहिला, आणि ह्या निकालाला साखर किती टाकायची हे त्याला समजेना.

पुढच्या महिन्यात संपतनं रांजणगावला दोघांच्यात खोली घेतली. कंपनीत कुणी विचारलं, तर तो मोकळेपणानं सांगायचा, की आयसीडब्ल्यूए होतं, आपल्याच्यानं झालं नाही. पण खोलीवर ते बोलायची सोय नव्हती. भिंतीला खिळ्यावर वहाण लटकत होती. सोबतच्या बिहारी पोरानं पहिल्याच दिवशी विचारलं, “भैया, दूसरी कहाँ गई?”

“पिताजी चल रहे हैं उसमें,” संपतनं सांगितलं.

पुस्तकं खाटेखालच्या पेटीत होती. त्यांवर धूळ बसली, ती त्यानं बसू दिली. पण न वापरलेलं कातडं वाळतं, आखडतं, मग पायात जात नाही, हे धनगराच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून रविवारी गावाला जायच्या आधी तो ती वहाण खिळ्यावरून काढायचा, मांडीवर घ्यायचा आणि तिला तेल पाजत बसायचा.