मशीनवरचं दुपटं

वच्छलाबाईचं पोट कशानं दुखतं हे कोंढ्यातल्या अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. ती स्वतः मात्र सगळा दोष गॅसवर ढकलायची. ओवा चावून झाला, कोमट पाणी पिऊन झालं. पण भिंतीपलीकडून घर्रर्र असा आवाज सुरू झाला की तिच्या पोटात पीळ पडायचा तो पडायचाच. भिंतीपलीकडे धाकटी जाऊ रत्नमाला राहायची आणि तिच्या घरी मोटरवाली, दिव्याची, पांढरीशुभ्र नवी शिलाई मशीन आली होती.

आता वच्छलाबाई म्हणजे कोण, हे आधी सांगायला पाहिजे. शाळा तिच्या वाट्याला आली नाही. बचत गटात ती मागच्या रांगेत बसायची आणि सही करून उठायची. नवरा चिंधू भला माणूस, पण दिवसभरात चार शब्द बोलला तर त्यातले तीन बैलांशी. तिच्याजवळ स्वतःचं म्हणून एकच होतं, ते म्हणजे हातातली सुई. मोहल्ल्यात कोणाच्याही घरी मूल झालं की त्याचं पहिलं दुपटं वच्छलाबाईच्या हातचं. घरातल्या म्हाताऱ्या बाईचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं घ्यायचं, पदरावर पदर टाकायचा आणि तांदळाच्या दाण्याएवढे टाके घालत कडेपासून मधे मधे यायचं. तिनं कधी कोणाकडून पैसा घेतला नाही. कपभर चहा आणि ‘वच्छलाबाईच्या हातचं आहे’ एवढं बोलणं तिला पुरायचं. आज फटफटी उडवत पवनीला जाणारी ही सारी पोरं एके काळी माझ्याच दुपट्यात मुतली, असं ती चारचौघांत सांगायची. ते खोटंही नव्हतं.

आणि रत्नमाला? सदऱ्याचं बटन तुटलं तर ते लावायला भिंतीपलीकडून थोरल्या जावेला हाक मारायची, ती ही रत्नमाला! कानामागून आली अन् तिखट झाली. तिचा मुलगा विनोद नागपूरला नोकरीला लागला, दिवाळीला घरी आला तो ही मशीन घेऊन. रत्नमाला मोबाईल समोर ठेवून शिकली. आधी वाकड्यातिकड्या थैल्या शिवल्या, मग उशांचे अभ्रे, मग पायपुसणी, आणि त्यानंतर तिच्या हाताला जो चाळा लागला तो काही थांबेना. मिक्सरला झगा शिवला. कुलरला झगा शिवला. टीव्हीच्या रिमोटला झालर लावलेली पिशवी शिवली. त्या घरात कपडे नसलेली एक वस्तू राहिली नाही. आणि बाई खूश किती! एवढासा चौकोन चौकोनाला जोडला तरी तो उजेडात धरून लहान पोरीसारखी हसायची. ते हसू वच्छलाबाईला सगळ्यात जास्त खुपायचं.

बाया आता दुपारी रत्नमालेच्या सपरीत, पुढच्या ओसरीवर, जमू लागल्या. पूर्वी त्या वच्छलाबाईकडे बसायच्या. मशीनचं कायचं कौतुक, बटन दाबलं की कुत्रंही शिवीन, असं वच्छलाबाई म्हणायची, आणि म्हणून झालं की पुन्हा ओव्याचा डबा शोधायची.

इथवर सारं पोटदुखीवर निभावलं. मग सून खुशबू साकोलीला माहेरी बाळंत झाली. मुलाला, अंकुशला, मुलगी झाली, वच्छलाबाईला पहिली नात. तिनं सासूचं, जनाबाईचं, जपून ठेवलेलं हिरवं लुगडं कधीचंच धुऊन वाळवून ठेवलं होतं. सुईत दोरा ओवायचाच बाकी होता. तेवढ्यात खुशबूचा फोन आला. बारसं सासरीच करू म्हणाली, आणि बोलता बोलता म्हणाली, “आई, दुपटं रत्नमाला काकू शिवून राहिली. मी तिले हत्तीच्या डिझाइनचा फोटो पाठवला. तुमचे डोळे दुखतेत, तुमी कायले तरास घेता?”

पोरीनं मायेनं म्हटलं होतं. पण वच्छलाबाईला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. गावभरच्या लेकरांना दुपटी शिवली आणि आपल्याच नातीच्या अंगाला जावेच्या मशीनचं कापड लागणार! तिनं फोन ठेवला, लुगडं घडी करून पेटीत टाकलं आणि त्या रात्री चिंधूला भाजीत मीठ जास्त झाल्याचं सुद्धा बोलू दिलं नाही.

दोन-चार दिवसांनी रत्नमाला स्वतः आली. दुपटं होत आलं होतं. शेवटच्या कोपऱ्याचं ते काय असतं ते विचारायला आली होती, कारण आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाई जनाबाईंचा, रिवाज तिला मोडायचा नव्हता. रिवाज असा: दुपट्याचा शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात चार दाणे धान घालायचे आणि मग तो शिवायचा. दुपट्याचं पोट भरलेलं असलं की त्यात निजणारं लेकरू उपाशी राहत नाही. जुने कितीतरी रिवाज त्या घरानं बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर सोडून दिले, पण हा राहिला. जनाबाई म्हणायची, यात देव नाही, भूत नाही, ही नुसती मायेची गोष्ट आहे.

वच्छलाबाईनं सांगितलं, पण अर्धंच सांगितलं. चार दाणे टाक अन् शिव, एवढंच. दाणे पार टोकाला सारून त्यांच्या अलीकडून शिवायचं असतं, दाण्यावरून टाका जाऊ द्यायचा नसतो, हे तिनं पोटातच ठेवलं. हातानं शिवताना दाणा आला की बोटाला कळतं. मशीनच्या सुईला बोट कुठून असणार? हे तिला त्याच क्षणी उमगलं होतं, आणि तरी ती बोलली नाही.

त्या दुपारी विरजण मागायचं निमित्त करून ती जावेच्या दाराशी गेली. दार लोटलेलं होतं. फटीतून पाठमोरी रत्नमाला दिसत होती, पुढ्यात हत्तींचं दुपटं. मशीन घर्रर्र चालली, कोपऱ्याशी आली आणि कट्‌ असा आवाज होऊन थांबली. “अगं माय,” म्हणत रत्नमालेनं वाकून तुटकी सुई काढली. वच्छलाबाईच्या काळजात गार गार वाटलं. कितीतरी दिवसांत असं बरं वाटलं नव्हतं. विरजण न घेताच ती परतली.

चूल पेटवताना तिच्या ध्यानात आलं. रत्नमालेच्या हातात सुईचा वरचा भाग होता. मग टोक कुठे गेलं? आणि हात फुंकणीवरच थांबला. टोक दुपट्यात होतं. तीन पदरांच्या आत, जिथे पोरगी निजणार तिथे.

ती उठलीसुद्धा. सांगायलाच निघाली. पण भिंतीपलीकडे पुन्हा घर्रर्र सुरू झालं, आणि त्या आवाजासरशी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बाईला टोकाचं भानही नाही अन् चालली शिवत! मग मनानं एक वाट काढली. मन असल्या वाटा फार लवकर काढतं. बारशाच्या दिवशी, पोरीला निजवायच्या आधी, आपण सगळ्यांसमोर दुपट्यावरून हात फिरवायचा, टोक काढून दाखवायचं आणि म्हणायचं, पाहा, हे मशीनचं काम. पोरीला लागू देईन का मी? आजी आहे मी तिची. असं तिनं स्वतःला बजावलं, आणि पुढचे कितीतरी दिवस बजावत राहिली.

एकदा खरंच राहवलं नाही म्हणून सांगायला गेली. सपरीत शेजारची सुलोचनाबाई दुपटं मांडीवर घेऊन बसली होती. वच्छलाबाईला पाहून ती हसत म्हणाली, आता तुम्हाले सुट्टी. वच्छलाबाई आल्या पावली परतली.

बारशाला मांडव पडला. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. वच्छलाबाई मनातल्या मनात आपलं वाक्य घोळवत होती. पण कार्य घरचं, आणि वड्यांच्या कढईशी बसायला दुसरं कोणी नाही. पाळण्याच्या वेळी कोणीतरी बोलवीलच, असं तिनं धरलं होतं. कोणी बोलावलं नाही. घाणा तळता तळता बाहेरून बायांचं ‘किती सुंदर, किती सुंदर’ ऐकू आलं आणि पाठोपाठ पोरीचं रडणं.

झारा कढईतच राहिला. ती धावत बाहेर आली तेव्हा पोरगी पाळण्यात, हत्तींवर निजलेली, तोंड लाल करून रडत होती. वच्छलाबाई पाठ केलेलं सगळं वाक्य विसरली. तिनं बायांना ढकललं, पोरीला उचललं, झबलं वर करून पाठ पाहिली, मांड्या पाहिल्या, तळवे पाहिले. कुठे काही नव्हतं. मग पोरीला रत्नमालेच्या हातात कोंबून तिनं पाळण्यातून दुपटं ओढून काढलं. 

“आई,” खुशबू म्हणाली, “इतकं बी जळू नये माणसानं.”

  वच्छलाबाईनं खरं सांगावं तर इतके दिवस गप्प का होतीस, हे कोणीही विचारलं असतं. दुपटं छातीशी धरून ती आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि ब्लेडनं कोपरा उसवला. चार दाणे हातात आले. टोक नव्हतं. तिनं एक बाजू उसवली, मग दुसरी. एकेक पदर बोटांनी चाचपला. दोन हत्ती सुटून खाली पडले. टोक नव्हतंच.

दार उघडून रत्नमाला आत आली आणि तिनं दार पाठीमागे लावून घेतलं. पसरलेल्या पदरांकडे तिनं नुसतं पाहिलं. किती दुपारी त्यात गेल्या होत्या, पण ती रागावली नाही.

“नाही सापडणार, बाई,” ती हळू म्हणाली. “टोक मी तवाच काढलं. सारा कोपरा उसवला अन् काढलं. मंग नवीन सुईनं शिवला.”

“कोणतं टोक?” वच्छलाबाई म्हणाली. 

“दाराच्या फटीतून तुमची सावली पडली होती. तुमी पाहून राहिल्या होत्या.” रत्नमालेनं खाली पडलेला एक हत्ती उचलला. “मले वाटलं, तुमी सांगान. आज सकाळपर्यंत मी वाट पाहिली.”

एवढंच बोलली. वर ना टोमणा, ना रडणं. चार शिव्या घातल्या असत्या तर वच्छलाबाईला भांडता आलं असतं. भांडणात ती कोणाला हार गेली नव्हती. आता तिच्या मनात एकच आलं, की ते टोक सापडलं असतं तर किती बरं झालं असतं. नातीच्या दुपट्यात सुई सापडावी, असं आपल्याला वाटलं! तिला स्वतःची किळस आली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

बाहेर पोरगी पुन्हा रडू लागली. पाळणा तसाच उघडा होता. रत्नमालेनं फळीवरची वच्छलाबाईची सुई-दोऱ्याची डबी घेतली, पदर जुळवले, दाणे परत कोपऱ्यात घातले आणि हातानंच टाके घालायला लागली. हाताला सवय नव्हती. लांब लांब, तिरपे टाके पडत होते, एक इकडे, एक तिकडे. असले टाके वच्छलाबाईनं परक्याच्या दुपट्यातही कधी खपवून घेतले नसते. तिची बोटं शिवशिवली. पण ‘दे इकडे’ म्हणायला तोंड उघडेना. ती तशीच बसून राहिली, आणि नातीचं दुपटं तिच्या डोळ्यांसमोर रत्नमालेनंच शिवून पुरं केलं.