मनीषाचा वाढदिवस कधीही यायचा

मनीषाची एकच तारीख खरी आहे. आजची.

मागच्या वर्षी याच दिवशी ती गेली. माझी बायको. कावीळ झाली, ती लिव्हरवर गेली. बस.

जन्माची तारीख मात्र कुणालाच माहीत नव्हती. तिला स्वतःलापण नाही.

आधार कार्डावर एक जून आहे. माझ्यापण. आमच्या भागातले मित्र आता हसतील, कारण त्यांचाही एक जूनच. पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप डोकं खाजवायचा. गुरुजी एक जून टाकून मोकळे.

त्या दिवशी माझा फोन हँग होतो. निम्म्या गावाला हॅपी बड्डे म्हणावं लागतं. एका वर्षी तर आमच्या ग्रुपवर... असो, भरकटलो.

लग्नानंतरच्या पहिल्या एक जूनला मी टी.व्ही. सेंटर चौकातल्या बेकरीतून केक आणला. पाइनॅपल. तिनं सुरी हातातच घेतली नाही.

"हा गुरुजींचा वाढदिवस हाय," म्हणाली. "त्यांना नेऊन दे."

मग आम्ही पिशोरला जाऊन तिच्या आईलाच विचारलं. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापत होत्या.

"हुरड्याचे दिवस व्हते बाई. म्हैस व्याली, आन दुसऱ्या दिवशी तू."

"तारीख, आई?"

"म्हशीचं नाव चंद्री व्हतं."

तेव्हा मी फर्दापूरला टुरिस्ट लोकांची जीप चालवायचो. त्याच्या आधी मोबाइल रिपेअरिंग, त्याच्या आधी टाइल्स. मनीषा म्हणायची, "तुझा नवरा काय करतो म्हणून कुणी विचारलं की मी आधी 'सध्या' म्हणते."

एकदा तीपण जीपमध्ये आली. परत येताना हर्सूलच्या अलीकडं एका धाब्यावर थांबलो. पत्र्याचं शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि नाकातून पाणी काढणारी शेवभाजी. अर्धी भाकरी झाली आणि ती एकदम काउंटरकडं वळली.

"भाई, आज माझा बड्डे हाय!"

माझा घास हातातच राहिला.

हनीफभाई, धाब्याचे मालक, लगेच उठले. वाटीत डबल का मीठा आणला, म्हणजे तळलेला ब्रेड, दुधात न् पाकात भिजवलेला. सोबत लाइट गेल्यावर लावायची जाड मेणबत्ती, स्टीलच्या ग्लासात उभी केलेली. तिनं फुंकली. मागच्या टेबलावरच्या ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

जीपमध्ये मी म्हणलो, "खोटं कशाला बोललीस?"

"खोटा एक जून हाय. हा तर मी स्वतः ठरवलाय."

"मग दरवर्षी हाच दिवस धरायचा का?"

"बघू. शेवभाजी कशी जमती त्याच्यावर."

तेव्हापासून तिचा वाढदिवस कधीही यायचा.

शेवभाजी जमली की वाढदिवस. आमचं भांडण मिटलं की वाढदिवस. माझं जीपचं काम सुटलं त्या दिवशी तर तिनं मेणबत्ती दोनदा पेटवायला लावली.

हनीफभाई मान हलवायचे. "क्या भाभी, बारिश में हुआ था ना आपका बड्डे? फिर आ गया?"

"तुमची भाजीच लई भारी हाय. मी काय करू?"

मेणबत्ती तीच असायची. फुंकून झाली की ते पुसून काउंटरखाली ठेवायचे. पुढच्या वेळेसाठी.

दवाखान्यात शेवटी शेवटी फिकी पेज चालू होती. मनीषानं सिस्टरचा हात धरला.

"मॅडम, आज माझा बड्डे हाय."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलो, व्हय, आजच हाय. त्यांनी पेजेत चमचाभर साखर घातली.

आज सकाळी पिशोरला वर्षश्राद्ध झालं. पाव्हणे गेल्यावर मामी ओट्यावर बसल्या होत्या.

"जावाय, मला येक तारीख कधी ध्यानात राह्यली नाय. लेकीच्या जन्माची नाय, माझ्या लग्नाची नाय. मग हीच कशी राह्यली हो?"

मी त्यांच्या पाया पडलो. गाडी काढली.

फुलंब्रीपर्यंत तेच डोक्यात. आख्ख्या जगात मनीषाची एकच पक्की तारीख, आणि ती तिनं ठरवलेली नाही. तिला हे अजिबात चाललं नसतं.

वर्षात पहिल्यांदा त्या धाब्यावर थांबलो. हनीफभाईंना काहीच माहीत नव्हतं.

"अरे! कित्ते दिन के बाद! भाभी किधर है? आज बड्डे नै क्या?"

"है," मी म्हणलो. "आजच है."

ते खुश झाले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग मी सांगितलं.

ते समोरच्या खुर्चीवर बसून राहिले. भाजी आली, मी खाल्ली, ते बसूनच. मग उठले, काउंटरखालून मेणबत्ती काढली. बोटाएवढी राहिलीय आता. ग्लासात उभी केली, काडी ओढली, वाटी ठेवली. चमचे दोन. सवयीनं आणले असतील.

मी फुंकली.

मागून कुणीतरी ओरडलं, "हॅपी बड्डे, भाऊ!" मी थँक्यू म्हणलो.

हनीफभाईंनी मेणबत्ती पुसली आणि काउंटरखाली ठेवली.

तिथूनच मामींना फोन लावला.

"मामी, आजचा दिवस मनीषाच्या वाढदिवसाचा धरलाय मी."

बोलून गेलो आणि वाटलं, चुकलं आपलं.

मग पलीकडून आवाज आला, "गोड खाल्लं का मंग?"

"व्हय."

"बरं केलं."

दोस्तहो, कमेंटमध्ये श्रद्धांजली लिहू नका. हॅपी बड्डे लिहा.

घरी निघतो, मनीषा. शेवभाजी आज जमली होती.