पडदे उतरवणाऱ्या सुमेधाताई

सुमेधाताई रंगारी यांना मी प्रथम पाहिले, तेव्हा त्या आमच्या बंद पडलेल्या कापड गिरणीत जमिनीवर उताण्या पडल्या होत्या. गिरणीजवळच्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवले. निवृत्तीनंतरही सकाळी पाय तिकडेच वळत. कंपाउंडची भिंत एका ठिकाणी ढासळली आहे, तिथून मी आत डोकावलो आणि घाबरलोच. म्हटले, बाईंना भोवळ आली असावी.

“ताई, बरं वाटून नाही राहिलं का?” मी विचारले.

“बरी आहे मी. जरा बाजूला होता का सर? छतावरून येणारा उजेड बघते आहे.”

मला ‘सर’ का म्हणालात, असे पुढे मी विचारले. “अनोळखी माणसाची तब्येत एवढं दरडावून फक्त मास्तरच विचारतात,” असे उत्तर मिळाले.

ताई चित्रकार आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांची कला भिंतीवर टांगून विकत घेता येत नाही. ओसाड पडलेल्या कारखान्यात त्या महिनोन्‌महिने बसतात, आणि त्या जागेतूनच, त्या जागेपुरतेच काही घडवतात. ते दुसरीकडे उचलून नेले तर त्याला अर्थ उरत नाही. हे मला समजायला वेळ लागला. पण कविताही ज्या वर्गात, ज्या बाकावर बसून प्रथम ऐकली, तिथलीच राहते ना? मला तरी अजून माझ्या पाचवीच्या वर्गातल्या कौलांतून पडणाऱ्या कवडशांसकटच कविता आठवतात.

पत्नी गेल्यानंतर माझे कविता म्हणणे थांबले होते. ताईंनी ते कुणाकडून ऐकले, ठाऊक नाही. एके दिवशी त्या म्हणाल्या, “सर, शेडमध्ये आवाज कसा घुमतो ते तपासायचं आहे. वर्गात म्हणायचात तशा चार कविता म्हणा.” मी म्हणत गेलो. चाराच्या किती झाल्या कोण जाणे. ताई खांबाला टेकून ऐकत होत्या. आवाज तपासायला त्यांच्याजवळ कुठले यंत्र नव्हते, हे मला घरी परतल्यावर सुचले.

विणकाम खात्याच्या त्या शेडमध्ये ताईंनी जे मांडले, त्याची सांगण्यासारखी खरी गोष्ट अशी. जिथे जिथे माग उभा असे, तिथे तिथे त्यांनी छतापासून पांढरे कापड सोडले. त्यावर गिरणीतल्याच नटबोल्टांच्या, साखळ्यांच्या गंजाचे ठसे उमटवले होते. ओल्या कापडात लोखंड गुंडाळून ठेवायचे आणि गंज उतरण्याची वाट पाहायची, असे ते सावकाश काम. जवळजवळ वर्ष त्यात गेले. आम्ही दोघे शेअर ऑटोने जवळच्या कामठीला जाऊन चालू यंत्रमागांचा आवाजही टिपून आणला.

सगळे सिद्ध झाले, आणि ताई अडून बसल्या. “इथे ज्यांनी काम केलं ते आत आल्याशिवाय मी हे कुणालाही दाखवणार नाही.” पण गिरणी बंद झाल्यापासून जुने विणकर त्या फाटकासमोरूनही जात नसत. त्यांचे म्होरके जरीपटका वस्तीतले नामदेवराव. ते म्हणाले, “मेल्या घरी काय पाहाले यायचं?” ताई त्यांच्याकडे चहाला जात राहिल्या, ‘या’ असे मात्र एकदाही म्हणाल्या नाहीत. ठरलेले उद्घाटन त्यांनी रद्द केले, तेव्हा मी चिडलो. वर्षाची मेहनत कुलपात पडणार होती. “सर, घर त्यांचं आहे,” एवढेच त्या म्हणाल्या.

उद्घाटन रद्द झाल्याचे नामदेवरावांच्या कानावर गेले आणि ते आपणहून आले. सोबत समोरच्या मागावरचे लतीफभाई आणि आणखी काही विणकर. “पाहून लगेच निंघतो,” असे दारातच बजावले. ताईंनी मागांचा आवाज सुरू केला. खडखडाटाने शेड भरली. कुणी न सांगता प्रत्येक जण आपापल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. आणि त्यांचे हात हलू लागले. त्या आवाजात बोललेले कधीच ऐकू येत नसे, म्हणून ही मंडळी उभी हयात हातांनी आणि ओठांनी बोलली होती. पण आता मध्ये पडदे होते. नामदेवराव मान वाकडी करकरून पलीकडे पाहत होते. शेवटी ताईंच्या कानाशी येऊन ओरडले, “ताई, हे कपडे बाजूले घ्या ना. लतीफ दिसूनच नाही राहिला मले.”

ताईंनी एकदा त्या पडद्यांकडे पाहिले. मग शिडी ओढली आणि एकेक करून सगळे उतरवले. मी हळहळत एकेक पडदा गोळा करत होतो. त्या मात्र हसत होत्या.

आवाज थांबल्यावर मी लतीफभाईंना विचारले, “काय बोलणं झालं एवढं?”

“कुछ नहीं गुरुजी. डब्यात भाजी काय आणली, ते विचारून राहिला होता. अभीतक आदत नाही गेली याची, दुसऱ्याचा डबा पाहाची.”

“तुही बायको भाजी बनवेच तशी,” नामदेवराव म्हणाले.

त्यानंतर लोकांनी पाहिले ते असे: मोकळी शेड, मागांचा आवाज आणि हातांनी गप्पा मारणारी म्हातारी माणसे. आता नामदेवराव दर रविवारी तिथे जातात, कॉलेजच्या पोरींना ती हातांची भाषा शिकवतात आणि चुकल्या की रागावतात. शेड उद्या राहील की पडेल, सांगता येत नाही. भाषा मात्र नव्या हातांत गेली आहे.

अलीकडे एका गावच्या मंडळींनी ताईंना आपल्या बंद जिनिंग कारखान्यात बोलावले. इमारत केवढी, छत कसे, हे ताईंनी नंतर विचारले. आधी विचारले, “तिथे काम केलेलं कोण कोण आहे?”

सुमेधाताई, आपण साठीत पाऊल टाकत आहात. वयाने वडील असल्याच्या हक्काने सांगतो, जुन्या कापसाची धूळ छातीला वाईट असते, तोंडाला रुमाल बांधत जा. आपल्याला निरोगी, भरघोस आयुष्य लाभो, हे मागणे मी निव्वळ आपल्यासाठी करत नाही. आपल्या विदर्भात कुलूप पडलेल्या शेडी पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबाहेर ओट्यावर बसलेली, अजून कुणी काही न विचारलेली माणसेही पुष्कळ आहेत. त्यांच्या घरचे चहा अजून आपल्याला प्यायचे आहेत.