कुंपणावरचा निळा एप्रन

पेट्रोनेल हास्कबद्दल लोक वाट्टेल ते बोलतात. कुणी कपटी म्हणतं, कुणी चेटकीण म्हणतं, आणि आमच्या गल्लीतला भटारी तर ती दिसली की पावांची टोपली झाकतो. झाको बापडा. मी तिच्यासोबत अर्धा जन्म चादरी पिळल्यात. चादर एकटीला पिळता येत नाही. एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या, आणि उलट्या बाजूंनी पीळ द्यायचा. समोरचीचं मनगट कधी सैल पडतं आणि कधी दगडासारखं होतं, ते आपोआप कळत जातं. म्हणून तिची गोष्ट सांगायचा हक्क कुणाचा असेल तर तो माझा, या सिबिलचा. भटाऱ्याचा नाही.

आम्ही राजमहालाच्या धोबिणी. थेम्सच्या काठी, महालाच्या मागच्या पायऱ्यांवर, राखेच्या पाण्याच्या पिंपांत हात घालून आमची हयात गेली. राणीचा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही, एकीचाही नाही. पण आतल्या कपड्यांवरून आम्हाला सगळ्या माहीत. कोणती रात्री रडते, कुणाच्या अंगात ताप आहे, कुणाची पाळी चुकली आणि चुकली चुकली म्हणता पुन्हा आली. मागची राणी तर पाळी आली की महिन्याच्या घड्या आधी स्वतःच थंड पाण्यात चोळायची, म्हणजे डाग आमच्यापर्यंत येऊ नयेत. राणी असून ही गत. मी म्हणायचे, आपला नवरा दारू पिऊन धिंगाणा घालतो तो परवडला, निदान आपल्या घड्या बघायला परदेशचे राजदूत तर येत नाहीत.

हो, राणीच्या बघायला येत होते. म्हणजे त्यांची माणसं यायची. आणि त्या सगळ्यांच्या वर होता अँब्रोज विंडल, राणीच्या दालनांचा कारभारी. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, बोटांना लवंगतेलाचा वास. राणीच्या पोटाची खबर आमच्याकडून काढायची आणि वर जाऊन विकायची, हाच त्याचा धंदा. राजाला मुलगा हवा होता. तो होत नव्हता, तर दोष कुणाचा, हे विचारायचीही सोय नव्हती. दोष चादरीत शोधायचा, आणि चादर आमच्या हातात.

पेट्रोनेलची धाकटी बहीण एमट. ती त्या मागच्या राणीच्या शेजघरात विस्तव घालायला होती. अंगाने काडी, पण हसायला लागली की थांबायची नाही. राजाचं मन राणीवरून उडालं, नवी बायको करायची ठरली, तेव्हा जुनीला वाटेतून काढायला काहीतरी निमित्त हवं होतं. विंडलने एमटला एका खोलीत कोंडलं. राणीच्या पलंगापाशी पुरुषाचा हातमोजा पाहिला, एवढंच सांग म्हणाला.

"जे पाहिलं नाही ते कसं सांगू, कारभारी?" एमट म्हणाली.

"सांगायला लाग," तो म्हणाला, "सांगता सांगता दिसेल."

उपाशी ठेवलं, झोपू दिलं नाही, वर थोरल्या बहिणीचं नाव घेऊन धमकावलं. शेवटी पोरीने सांगितलं. सरदारांनी मान डोलावून ऐकून घेतलं, एका विस्तव घालणाऱ्या पोरीचा शब्द अगदी देवाच्या शब्दासारखा लिहून घेतला, आणि राणीचं डोकं गेलं.

एमट घरी आली ती बोलायचीच बंद झाली. पेट्रोनेलने कांजी पाजली, कुशीत घेऊन निजली. "ताई, हातमोजा नव्हता गं," एवढंच ती म्हणायची. एका सकाळी आमच्याच पायऱ्यांवरून नदीत उतरली आणि परत वर आली नाही. स्वतः जीव दिला म्हणून पाद्र्याने चर्चच्या आवारात जागा दिली नाही. चार रस्ते मिळतात त्या चौकात खड्डा खणून टाकली. घंटा नाही, प्रार्थना नाही. वरून गाड्या जातात.

त्या दिवसापासून पेट्रोनेलला एकच गोष्ट हवी होती, विंडलचा नाश. लपवाछपवी कसली. चादरीला पीळ देताना ती दात आवळून म्हणायची, "ही त्याची मान."

मी एकदा सुचवलं, "नव्या राणीला दिवस गेलेत अशी खोटी खबर दे त्याला. तो राजाला सांगेल आणि तोंडावर आपटेल."

"आणि राणीचं काय होईल, सिबिल?"

"तिचं काय व्हायचंय?"

"पोट खोटं निघालं की राजा कुणावर भडकेल? त्याच्यावर मारलेला दगड तिच्या कपाळावर बसेल. या महालात सगळे दगड तिकडेच वळतात. एक राणी आमच्या घरच्या शब्दाने गेली. दुसरी जाणार नाही."

म्हणून ती थांबली. रागाने फुटायची वेळ आली तरी थांबली.

मग नव्या राणीला खरोखरच दिवस गेले. बाळंतपण जवळ आलं तशी रीतीप्रमाणे तिला आतल्या दालनात बसवलं. खिडक्यांवर जाड पडदे, किल्लीच्या भोकातसुद्धा चिंध्या कोंबलेल्या. एकदा ते दार लागलं की पुरुषाची सावलीही आत जायची नाही. वाढणं, दिवे, पहारा, पुरुषांची सगळी कामं बायका करणार. विंडललाही आपला जुडगा एका म्हाताऱ्या बाईसाहेबांच्या हातात द्यावा लागला. देताना त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आम्ही पायऱ्यांवर पोट धरून हसलो.

पण खबर हवीच होती. मुलगा झाल्याचं जो आधी सांगेल त्याला राजा जहागीर देणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. राजा नदीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या महालात मुक्कामाला होता. विंडल आमच्याकडे आला, नाकाला रुमाल लावून.

"आतले कपडे तुझ्याकडेच येणार," तो पेट्रोनेलला म्हणाला. "आतल्या बायका आधी सगळं आवरणार, बाळाला गुंडाळणार, मग दार उघडून सांगणार. तेवढ्यात मला राजापुढे पोचायचंय. मुलगा झाला तर या वाळवणाच्या कुंपणावर पांढरी चादर टाक, मी पलीकडे घोडा घेऊन तयार असेन. मुलगी झाली तर तुझा हा निळा एप्रन."

"मुलगी झाल्याची घाई कशाला, कारभारी? त्याला कोण जहागीर देतंय?"

तो हसला. "मुलगी झाली तर ही राणी संपली म्हणून समज. माझी पुतणी लेटिस तिथे राजाच्या डोळ्यांसमोर आणून ठेवलीय. पहिलं सांत्वन आमच्या घरचं असलं पाहिजे."

पेट्रोनेल पिंपातले कपडे खालीवर करत राहिली. ती घाबरली असं समजून तो जवळ सरकला. "काम नीट केलंस तर पाद्र्याला सांगतो. तुझ्या बहिणीला चौकातून उचलून चर्चच्या आवारात नेऊ. माझा शब्द तो मोडणार नाही."

"आणि माझ्या खुणेवर विश्वास ठेवाल?"

"का नाही? तुमच्या घरचा शब्द याआधीही कामाला आलाय."

असं म्हणाला, मेला. हसत म्हणाला. माझ्या हातातलं धोपाटणं तिथेच त्याच्या टाळक्यात घालावं असं मला झालं. पेट्रोनेलने मात्र मान खाली घातली आणि "बरं, कारभारी," म्हणाली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "एमटला आवारात जागा मिळेल गं. नीट विचार कर."

"त्याने दिलेल्या मातीत तिला झोप लागेल?" तिने विचारलं. मग चादरीचं टोक माझ्याकडे फेकलं. "सिबिल, मला आता मुलगा हवाय."

"कुणाला?"

"राणीला. मुलगा झाला की मी एप्रन टाकणार. तो जाऊन राजाला मुलगी झाली म्हणून सांगणार, वारसाच्या आईला नावं ठेवणार, पुतणीला पुढे करणार. आणि मुलाच्या आईला कुणी हात लावू शकत नाही. दगड पहिल्यांदा त्याच्यावरच पडेल."

"आणि मुलगी झाली तर?"

"तर कुंपणावर काहीच टाकणार नाही. बसेल वाट बघत. मी पुढच्या बाळंतपणाची वाट बघेन."

मग ही बाई रोज चर्चमध्ये जाऊन मुलासाठी मेणबत्ती लावायला लागली. ज्या मुलाच्या हव्यासापायी तिची बहीण गेली, तोच मुलगा ती देवाकडे मागत होती. पाद्री म्हणाला, काय राजनिष्ठ बाई आहे.

राणीला फार त्रास झाला. आतून आलेल्या कपड्यांवरूनच आम्हाला ते कळत होतं. शेवटी एका सकाळी सुइणीची मदतनीस गाठोडं घेऊन पायऱ्या उतरली, बाहीने घाम पुसला, आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मुलगा. आत्ता कुणाला बोलू नका."

पेट्रोनेलने गाठोडं खाली ठेवलं. कंबरेचा निळा एप्रन सोडला, पाण्यात बुडवला, माझ्या हातात एक टोक दिलं. आम्ही दोघींनी तो पिळला. तिच्या बाजूचा पीळ नेहमीसारखाच घट्ट होता, सैल पडत होता तो माझा. मग तिने तो काटेरी कुंपणावर नीट पसरला, कोपरे ओढून, एकही चुणी न ठेवता. पलीकडे घोड्याच्या टापा वाजल्या आणि लांब गेल्या.

पुढचं आम्हाला राजा होता त्या महालाच्या स्वयंपाकघरातल्या बाईने सांगितलं. विंडल चिखलाने भरलेल्या बुटांनीच आत गेला, गुडघ्यांवर बसला, डोळ्यांना रुमाल लावला. मुलगी झाली म्हणाला. या लग्नावर देवाची मर्जी नाही, या बाईच्या कुशीत मुलगा नाही, असंही म्हणाला. लेटिस मागे द्राक्षांची थाळी घेऊन उभीच होती. त्याचं रडणं अजून संपलं नव्हतं, तोवर राजपुत्र झाला म्हणून नदीकाठच्या सगळ्या चर्चच्या घंटा वाजायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पेट्रोनेलला सरदारांपुढे उभं केलं. मीही गेले, दारापाशी. विंडल मध्ये उभा होता, टोपीशिवाय.

"हिने खूण केली," तो ओरडला. "निळा एप्रन म्हणजे मुलगी. ठरलं होतं आमचं."

"काय गं?" थोरल्या सरदारांनी विचारलं.

"एप्रन ओला होता, सरकार," पेट्रोनेल म्हणाली. "वाळत घातला. ओलं कुंपणावरच घालतो आम्ही."

सरदार हसायला लागले. एकजण म्हणाला, "विंडल, तू धोबिणीचा एप्रन बघून राजापुढे गेलास? धोबिणीच्या बोलण्याला आता एवढं वजन आलं का?"

विंडलचा चेहरा लाल झाला. "हसता काय? हिच्या बहिणीचं बोलणं तुम्ही इथेच ऐकून घेतलंत. तेव्हा नाही कुणी हसलं. त्या पोरीला तर काहीच दिसलं नव्हतं, मीच तिला..."

तो तिथे थांबला. पण थांबायला उशीर झाला होता. ज्या शब्दावर राणीचं डोकं उडवलं, तो शब्द खोटा होता असं म्हणणं म्हणजे राजाने खून केला असं म्हणणं. सगळ्यांना ते एकाच वेळी कळलं. विंडललाही कळलं. त्याने वळून पेट्रोनेलकडे बघितलं.

"सांग गं," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "मी असं काही म्हणालो नाही, सांग यांना."

"जे ऐकलं ते ऐकलं नाही, असं कसं सांगू, कारभारी?" पेट्रोनेल म्हणाली.

पहारेकऱ्यांनी त्याला नावेतून टॉवरच्या तुरुंगाकडे नेलं. ती नाव आमच्या पायऱ्यांवरून गेली. पेट्रोनेल कमरेवर हात ठेवून, ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. त्या रात्री आम्ही बिअर प्यायलो आणि खारवलेले मासे खाल्ले. ती चवीने जेवली. मला खोटं सांगता येत नाही, मीही चवीने जेवले.

राणी मात्र वाचली नाही. बाळंतज्वर. मुलाचा नामकरणविधी थाटात झाला, आईच्या चादरी रोज जास्त खराब येत गेल्या, आणि मग यायच्या थांबल्या. तिलाही आम्ही वाचवू शकलो नाही. एमटही अजून चौकातच आहे.

शेवटच्या चादरी आम्ही धूत होतो, तेव्हा पायऱ्यांवर एक नवा माणूस आला. तरुण, कोरा काळा अंगरखा, नाकाला रुमाल. कंबरेला तोच जुडगा.

"पेट्रोनेल हास्क तूच ना?" तो म्हणाला. "दुःखाचे दिवस आहेत, पण राजाने एकटं राहणं बरं नाही. नवी राणी येईल. तिच्या कपड्यांवर जरा नजर ठेवायची, काही दिसलं तर आधी मला सांगायचं. तुझं भलं होईल."

पेट्रोनेलने हात पुसले. त्याच्याकडे असं प्रेमाने बघितलं की माझ्या अंगावर काटा आला.

"ठेवेन की, साहेब," ती म्हणाली. "तुमचं नाव काय म्हणालात?"

त्याने सांगितलं.

"नीट सांगा," ती म्हणाली, आणि चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "पूर्ण नाव सांगा. मला लक्षात ठेवायचंय."