हं म्हण गं

गोष्ट सांगणाऱ्याला समोरून 'हं' लागतो. आमच्या पोशीरला आई गोष्ट सांगायला बसली की दर वाक्याला आम्ही 'हं' म्हणायचं. डुलकीत कुणाचा हं चुकला की आई तिथंच थांबायची. "झोपली रं ही पोरं. आता गोष्ट पुढं जायची नाय." मग कितीही गयावया करा, ती काही ऐकायची नाही. मला वाटायचं, ही रीत आमच्या बौद्धवाड्यातलीच. पुढं कर्जतला माझ्या शेजारच्या खोलीत आपा राहायला आली. आठवड्याच्या आतच गॅलरीत तांदूळ निवडताना ती माझ्यावर खेकसली, "अगं हं म्हण की! का भिंतीला सांगते मी?"

आपा माझ्यापेक्षा मोठी, कोकणी मुसलमान, माहेर खाडीकाठचं. नवरा गेल्यावर बाजारातलं बांगड्यांचं दुकान मुलगा चालवत होता. मी नगरपालिकेतून निवृत्त झालेली, एकटी. दुपारी काम आटपलं की ती तिच्या आजीच्या गोष्टी सांगायची, मी माझ्या आईच्या. भांडायचोही भरपूर. माझ्या गोष्टीतला राक्षस तिला मेला पुचाट वाटायचा, आणि तिच्या गोष्टीतल्या राण्या सारख्या रडत का बसतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र दोघींकडे निघाली. लांबून लग्न होऊन आलेली मुलगी, सासरी तिच्याशी कुणी बोलत नाही. आमच्याकडे ती आपलं दुःख उखळाला सांगते आणि एक दिवस उखळ तडकतं. आपाकडे ती विहिरीला सांगते आणि विहीर आतून 'हं' म्हणते. रोज म्हणते. मग एक दिवस विहीर हं म्हणत नाही. मुलगी काठावरून वाकते आणि बघते तर...

"तर काय?"

"वा गं वा! सगळं आताच सांगू? मग तिथं तू तोंड वासून कशी ऐकशील? तुझ्या तोंडाकडं बघूनच तर मला सांगता येतं."

'तिथं' म्हणजे पळसदरीला. कर्जतच्या वाचनालयात आम्ही दोघींनी एकदा गोष्टी सांगितल्या होत्या. ते ऐकून मुंबईच्या काही मंडळींनी त्यांच्या फार्महाऊसवरच्या कार्यक्रमाला बोलावलं. वेगवेगळ्या समाजांच्या लोककथा, त्या त्या समाजातल्याच बायांच्या तोंडून. आपा हरखून गेली. तिची आजी गेली, आई गेली, बहीण गेली. विहिरीची गोष्ट शेवटापर्यंत येणारी ती एकटीच उरली होती. "घरात कुणाला वेळ नाय," ती म्हणाली. "निदान चार लोकांच्या कानावर पडूंदे. मग मी मेले तरी चालंल."

पळसदरीला हिरवळीवर गाद्या, लोड, सगळा थाट होता. माझी उखळाची गोष्ट आधी झाली. समोर नुसते मोबाइल धरलेले हात. मला हं फक्त आपाने दिला, त्याच्यावर मी कशीबशी निभावून नेलं. मग आपा माइकसमोर बसली आणि मी पुढं बसून हं म्हणायला लागले. लगेच एक मुलगी वाकत वाकत आली. "आजी, प्लीज, रेकॉर्डिंग चालू आहे."

"अगं, तिला हं लागतो," मी म्हटलं.

"हो हो, पण आवाज येतोय ना."

मी पुन्हा हं म्हटलं. तेव्हा तिने गोड हसून मला दंडाला धरून उठवलं आणि पार मागे, जनरेटरच्या बाजूला खुर्ची दिली. सरबतही दिलं वर. आग लागो त्या सरबताला!

आपा सांगत राहिली, पण तिचे डोळे मला शोधत होते. विहीर हं म्हणाली नाही, मुलगी काठावरून वाकली, बघते तर... आणि आपा थांबली. हं येईना. तिला एका कानाने कमी ऐकू येतं. मी मागून जीव खाऊन ओरडले, "हं!" पुढच्या एकदोघांनी वळून बघितलं आणि हसले. जनरेटर धडधडत होता. आपा वाट बघत राहिली. लोकांना वाटलं, म्हातारी विसरली. मग सूत्रसंचालकाने माइक उचलला. "काय सुंदर! शेवट आपल्यावर सोडलाय!" टाळ्या पडल्या, लोक उभे राहिले. आपा तिथंच बसून हात चोळत होती.

परतताना टेंपोत मी विचारलं, "आपा, काय दिसलं गं तिला विहिरीत?"

"टाळ्या वाजल्या नं? संपली गोष्ट."

त्यानंतर मी खूप विनवण्या केल्या. रागावले, एकदा रडलेसुद्धा. ती तांदूळ निवडायची, भाव विचारायची, गुडघ्यांचं रडगाणं गायची. गोष्ट मात्र एकही नाही. शेवट तिच्या मुलाला तरी येत असेल म्हणून मी दुकानात गेले. बिचारा ओशाळला. "अम्मी सांगायची तेव्हा आमी झोपून जायचो, मावशी. शेवट कुणी ऐकलाय?"

या पावसाळ्यात आपाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आता यापेक्षा जास्त आशा धरू नका. एक आवाज तेवढा राहिलाय. हं.

म्हणून दुपारी मी तिच्या खाटेशी बसते आणि गोष्टी सांगते. तिचा हं जागच्या जागी येतो, कधी चुकत नाही. मला त्याने बरं वाटायला हवं. वाटत नाही. घरी येऊन मी दार लावून घेते आणि त्या हिरवळीला, त्या टाळ्यांना तोंडाला येतील त्या शिव्या देते.

काल मी तिची विहिरीची गोष्ट सांगायला घेतली. का घेतली, देव जाणे. विहीर हं म्हणाली नाही, असं मी म्हटलं. आपा हं म्हणाली. मुलगी काठावरून वाकली, मी म्हटलं. हं. आणि बघते तर...

मी थांबले. आपाचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले.

"हं," ती म्हणाली.

"पुढचं मला येत नाही गं, आपा."

तिने डाव्या हाताने माझा पदर धरला आणि ओढला.

"हं," ती म्हणाली. "हं. हं."