साडूंचा सर्व्हर आणि टॉवेल-टोपी

देणगी मिळाली की तोट्यात जाणारा माणूस साऱ्या बेळगाव जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा थोरला साडू आहे. मूळचे निपाणीचे, जैन व्यापारी घराण्यातले. घरचा व्यापार भावांवर सोडून ते बेळगावात आले आणि पंपांच्या मोटारी रिवाइंड करण्यात उमर घालवली. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. साठी उलटल्यावर माणसं यात्रेला जातात. अण्णांनी सर्व्हर घेतला. झालं असं की, एका बड्या कंपनीच्या ॲपवर त्यांनी पावट्याच्या आमटीचा फोटो टाकला आणि त्याच्याखाली लगेच पोट साफ करणाऱ्या चूर्णाची जाहिरात आली. "आमटी माझी आन् चूर्ण त्येंचं? दुसऱ्याच्या घरच्या सोप्यात बसलं की असंच हुतंय, पावणं!" असं म्हणून ते पेटले. कुठून कुठून शिकून त्यांनी दूरच्या शहरातल्या एका मशीनवर भाड्याने जागा घेतली आणि आपल्या भागातल्या लोकांना लिहायला-बोलायला तिथे एक 'कट्टा' उघडला. जाहिरात नाही, कंपनी नाही. कुणी मराठीत लिहितं, कुणी कानडीत, आणि भांडण झालंच तर मिरचीच्या दरावरून. सभासद दोनशेच्या आत, मशीनचं भाडं महिन्याला अठराशे, आणि ते सभासदांच्या खुशीच्या देणग्यांतून भागवायचं, अशी योजना. योजनेत चूक नव्हती. चूक अण्णांच्या स्वभावात होती.

अण्णांना कुणाकडून काही घेऊन स्वस्थ बसता येत नाही. शेजारची वाटी त्यांच्या घरी आली की ती भरून परत जाते, मग तिकडून भरून येते, आणि शेवटी वाटी मुळात कुणाची हे दोन्ही घरांना आठवत नाही. देणगीचंही तेच. पैसे जमा झाल्याचा आवाज फोनवर आला की ते पुरुषासाठी टॉवेल, टोपी आणि नारळ, बाईसाठी खण आणि नारळ पिशवीत घालतात आणि स्कूटर बाहेर काढतात. हिंडलग्याच्या एका मास्तरांनी पन्नास रुपये पाठवले, तर अण्णांनी शाळेत जाऊन भर वर्गात त्यांचा सत्कार केला. पोरांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की मास्तरांना तो तास काही शिकवता आला नाही. कंग्राळीच्या एकाकडून शंभर रुपये चुकून आले होते. त्याने ओशाळून परत मागितले. अण्णांनी ते परत दिले आणि "मागायला किती अवघड वाटलं असंल त्येला" म्हणून टॉवेल-टोपीही दिली.

हिशेब पाहायला त्यांनी मला बोलावलं. टॉवेल नव्वद, टोपी तीस, नारळ चाळीस. म्हणजे शंभराची देणगी आली की साठ रुपये खिशातून, पेट्रोल वेगळंच. देणग्या जितक्या वाढतील तितका कट्टा लवकर बंद पडेल, हे मी त्यांना मांडून दाखवलं. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं, आणि महिनाअखेर ते भरलं नाही तर सगळं पुसून टाकू, असं मशीनवाल्यांनी कळवलं होतं.

"बरोबर हाय तुमचं," अण्णा म्हणाले. "पण माणूस आपणहून देतोय, आन् मी नुसता थँक्यू धाडू?" थँक्यू हा शब्द त्यांनी भातात खडा लागावा तसा उच्चारला.

आतून आमच्या मेव्हणीबाई कडाडल्या, "आता घरातला एक रुपाया घालायचा न्हाय! न्हायतर तुमचं टॉवेल घिऊन त्या सर्व्हरवरच जाऊन ऱ्हावा!"

अण्णा नमले. कट्ट्यावर त्यांनी सरळ लिहिलं, की भाडं थकलंय, कट्टा जाणार आहे, आणि यापुढे सत्कार नाही. आठवड्याभरात थकबाकी फिटली आणि वर तीन महिन्यांचं भाडं शिल्लक पडलं. मी खूश होतो. अण्णा मात्र वाळत चालले. फोन वाजला की उठायचे, चपला घालायचे, मग नियम आठवून पुन्हा बसायचे.

"तब्येत बरी नाही काय, अण्णा?" मी विचारलं.

"बरी हाय की. नुसतं पैसं जमा हुत्यात. बँकंत बसल्यागत वाटाय लागलंय."

आणि एक दिवस बेळगुंदीच्या एका आक्कांनी, ज्यांची रताळी आमच्या बाजारात येतात, कट्ट्यावर सगळ्यांदेखत लिहिलं, "अण्णा, शंभर रुपय धाडून महिना झाला, तुम्ही आला न्हाईसा. तुमचा खण कुणाला पायजे हुता? ट्रंक भरून पडल्यात. तुम्ही येता म्हणून धाडत हुतो. येणार नसलासा तर माझं पैसं परत करा." त्याखाली "आमचंबी परत करा" अशी रांगच लागली. दोघातिघांनी कानडीत तेच बजावलं. मी बेरीज केली. सगळ्यांचं परत करायचं तर तीन महिन्यांची शिल्लक साफ, आणि कट्टा पुन्हा जाणार.

अण्णांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "पावणं, रिकाम्या हातानं कुणाच्या दारात कसं जायाचं वो?"

ते खरोखरच विचारत होते. "चला, मी येतो," मी म्हणालो.

वाटेत ते नारळ घेतील म्हणून मी स्कूटरवर मागे पहाऱ्याला बसलो. बेळगुंदीत आक्कांच्या सोप्यात, पुढच्या पडवीत, पहिली काही मिनिटं अण्णांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग आक्कांनी उकडलेल्या रताळ्यांची ताटली त्या हातांत दिली आणि म्हणाल्या, "खावा. काय परत द्यायचं न्हाय." पुढे दिवस मावळेपर्यंत आक्का कट्ट्यावर आधीच लिहून झालेल्या गोष्टी सांगत होत्या, आणि अण्णा त्या पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे "व्हय काय?" म्हणत होते. परत मागितलेल्या पैशांचं कुणी नावही काढलं नाही.

परतताना अण्णांनी स्कूटर गावाबाहेर काढली. मग मान न वळवता म्हणाले, "पावणं, माझ्यामागं ह्यो कट्टा कोण चालवंल?"

मला उत्तर फक्त आकड्यांतच देता येतं. "तीन महिन्यांचं भाडं शिल्लक आहे," मी म्हणालो.

"तीन महिनं? लई झालं की," अण्णा म्हणाले, आणि पुढे रस्ता मोकळा असूनही त्यांनी स्कूटर हळू केली.